कडूबाईची पेटी

चकलांब्यात उमाबाईच्या काट्यावर दूध घालायचं तर आधी तिच्या तोंडाचा मारा सोसावा लागे. पाणी घातलेलं दूध ती यंत्राच्या आधी नजरेनंच ओळखायची आणि चारचौघांत विचारायची, "कावून रे म्हाळू, म्हैस नदीत बांधलीस का नदीच म्हशीत बांधली?" लोक हसत, म्हाळूही हसे, पण दुसऱ्या दिवशी दूध घट्ट येई.

ती बाहेर दूध मोजून नाव पुकारायची आणि आत बसलेली सून, रुद्राणी, ते कॉम्प्युटरवर टाकायची. रुद्राणी अंबाजोगाईला शिकलेली. दूध घालणाऱ्या प्रत्येकाची तिनं डेटाबेसमध्ये वेगळी पेटी केली होती, तिला ती कलेक्शन म्हणे. उमाबाई म्हणायची, "कलेक्शन मी करते, तू नुसती नावं ठेवतीस."

उद्या डेअरीचे साहेब तपासणीला येणार होते. एक बोगस नाव सापडलं तरी केंद्र बंद, असा त्यांचा दम होता, आणि हे केंद्र उमाबाईनं नवऱ्याच्या माघारी एकटीनं उभं केलेलं. म्हणून रुद्राणीनं सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो सगळ्या पेट्यांची नावं दाखवणार होता. काळ्या पडद्यावर नावं एकाखाली एक उतरली आणि ती वाचत गेली. अर्जुनराव, धोंडीराम, म्हाळू, वनमाला. मग कडूबाई.

शेजारी बसलेल्या उमाबाईचा चहाचा कप ओठाशीच राहिला.

गावात या नावाची कुणी बाई नव्हती. उमाबाईच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेलेली, म्हणून आईनं हिला कडू म्हटलं, मरणानं तोंडात घेतली तरी थुंकून टाकावी म्हणून. लेकरू जगलं, शाळेत घालताना उमा झालं, आणि आईनं घरादाराला बजावलं की ते नाव आता काढायचं न्हाई, मरण त्याच नावानं शोधत फिरतंय, फिरू द्या. ते ऐकणारं आता कुणी जिवंत नव्हतं.

"ही कुणी घुसवली?"

"घुसवावी लागत नाही, आत्याबाई. त्या नावावर पहिल्यांदा दूध टाकलं की पेटी आपोआप होते. टाकल्याशिवाय नाव दिसतच नाही. तुमी पुकारता तेच मी टाकते."

"मी हे नाव उभ्या जन्मात पुकारलं न्हाई. उद्या बघते कोण भवानी येती ती."

सकाळी ती पदर खोचून उभी राहिली. एकेकाच्या तोंडाकडं बघून, एकेक नाव तोलून पुकारलं. अनोळखी कुणी आलं नाही. शेवटी नेहमीप्रमाणं आपल्या म्हशीचं दूध ओतलं, स्वतःचं नाव खणखणीत पुकारलं आणि आत आली.

"दाखव."

कडूबाई होतीच. आजचं दूधही पडलेलं.

"शेवटी काय पुकारलं मी?"

"कडूबाई."

"आन् उमाबाईची पेटी?"

रुद्राणी गोंधळली. "ती कधीच नव्हती. मला वाटलं, तुमी घरचं दूध घालतच नाही."

उमाबाईनं पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"पुसून टाक."

"पुसलं की परत येत नाही, आत्याबाई."

"मला कुटं आणायचंय? पूस. मरण आलं तर त्यालाबी काट्यावर उभं करीन, पाणी किती हाय ते बघीन."

रुद्राणीनं पेटी पुसली, यादी पुन्हा काढली. अर्जुनराव, धोंडीराम, म्हाळू, वनमाला. त्यापुढं काही नव्हतं. उमाबाईला लई हलकं वाटलं, इतकं की उंबरा ओलांडताना पायाला दगड लागला तोही कळला नाही.

बाहेर जीप थांबली. साहेब उतरले.

"उमाबाई कुठे आहेत?"

"ही काय मी," उमाबाई पुढं होऊन मोठ्यानं म्हणाली.

साहेब दाराकडं बघत उभेच राहिले. "आहे का कुणी आत?"

रुद्राणी लगबगीनं बाहेर आली, उमाबाईच्या अंगावरून पुढं झाली आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघत म्हणाली, "आत्याबाई आत्ता तर इथंच होत्या."