धनीबाईची लसणाची चटणी

"याडी, हे पाह्य." पायलनं सोललेली पाकळी सासूच्या तळहातावर ठेवली.

वरून पाकळी पांढरीशुभ्र होती. पायलनं ती नखानं चिरली, तर आत हिरवट काळी भुकटी. धनीबाईनं ती डोळ्यांजवळ नेली, मग सवयीनं नाकाशी. काहीच कळलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तापात तिला वास येणं बंद झालं होतं. हे तिनं घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

श्रावणातली झड आठ दिवस लागली होती. टिनाच्या खोलीत रचलेल्या लसणाच्या पोत्यांना खालून ओल धरली होती. त्यातल्याच लसणाची चटणी धनीबाईनं काल दारव्ह्यात नऊ घरी पोचती केली होती.

"खराब तेवढा बाजूला काढा," धनीबाईचा नवरा देवसिंग खाटेवरून म्हणाला. "बाकीचा भाजला का झालं. आगीत काय राह्यते?"

"विष राह्यते, बा," पायल म्हणाली. "कृषीवाल्या बाईनं सांगतलं होतं. सगळ्याच बुरशीत नसते, पण कोणत्या बुरशीत हाये, ते आपल्याले डोळ्यानं दिसत नाही."

"मंग शेळ्यायले घाल."

"शेळ्यायनं काय पाप केलं?" म्हणत धनीबाई उठली. तिनं कापडी पिशवी घेतली आणि दारव्ह्याची जीप धरली.

आठ घरच्या लोकांनी डबे परत दिले. कुणी कुरकुर केली, कुणी चहा पाजला. नववं घर विमलताईंचं. त्या शाळेतून रिटायर झालेल्या, धनीबाईची चटणी वीस वर्षांपासून खाणाऱ्या.

"डबा तर फोडला, धनीबाई," त्या म्हणाल्या. "अर्पितानं सकाळीच भाकरीसोबत खाल्ली."

अर्पिता त्यांची सून. तिला सातवा महिना होता. धनीबाई उंबऱ्यातच बसली.

"दवाखान्यात चाला, ताई," ती म्हणाली. "मी बी येतो."

दवाखान्यात अर्पिता आत गेली आणि दोघी बाहेर बाकावर बसल्या.

"तुमच्या हातून असं काहून झालं?" विमलताईंनी विचारलं. "खराब लसणाचा वास तर भाजतानाच येते."

धनीबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मले वास येत नाही, ताई. दोन वर्षं झाली."

"मंग भाजता कशा?"

"रंगावरून. आन् आवाजावरून. लसूण होत आला का तव्यावरचा आवाज बारीक होते. कोणाले सांगतलं नाही. सांगतलं असतं, तर कोणी घेतली असती माही चटणी?"

तेवढ्यात डॉक्टर अर्पिताला घेऊन बाहेर आल्या. एकदा थोडंसं खाल्ल्यानं घाबरण्यासारखं काही नाही, पोट बिघडलं तर मात्र लगेच या, असं त्यांनी सांगितलं. अर्पिता हसली. "आजी, चटणी चांगलीच होती," ती धनीबाईला म्हणाली.

जीपपर्यंत विमलताई सोबत आल्या. "पुढची चटणी आणाल तवा आधी माह्या घरी आणा," एवढंच बोलल्या आणि धनीबाईची पिशवी स्वतः सीटवर ठेवून वळल्या.

घरी आल्यावर धनीबाईनं नवऱ्याला आणि सुनेला सगळं सांगितलं. देवसिंगनं फावडं उचललं, बांधाच्या पलीकडे कमरेएवढा खड्डा खणला आणि पोती, चटणी सगळं त्यात लोटून माती ओढली. वर्षभराची बेगमी होती ती. तरी धनीबाईला हलकं वाटत होतं. त्या दिवशी तिला जेवणही चांगलं गेलं.

झड उघडल्यावर सुका लसूण आला. दोघी ओसरीत बसल्या. पायल एकेक पाकळी चिरून पाहायची, नाकाशी धरायची आणि मान हलवायची. धनीबाई तिच्या मानेकडे बघायची आणि मगच पाकळी तव्यावर टाकायची.