जावयाचं धोंडे-जेवण

भामाबाईंचा राग एरवी मिठासारखा असे, चवीपुरता. हेमंतवरचा राग मात्र त्यांनी पोटात धरून पोसला होता. आज हैदराबादेत जामबागच्या त्यांच्या घरी एकुलत्या एका जावयाचं धोंडे-जेवण होतं. सकाळपासून त्या पुरण वाटत होत्या आणि वाटता वाटता जावयाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. पुरण त्यामुळे अगदी मऊसूत झालं होतं.

त्यांची लेक योगिनी लग्न करून जर्मनीला गेली त्याला साडेतीन वर्षं उलटली होती. गेल्या डिसेंबरात हेमंत तिला घेऊन हैदराबादला आला आणि सुट्टी संपल्यावर एकटाच परत गेला. म्हणाला, "व्हिसाचे नियम बदललेत. तुझ्या इन्शुरन्सचा एक कागद यायचाय, तो आला की ये." तो कागद काही आला नाही. त्याऐवजी दर महिन्याला नवी मागणी यायला लागली. लग्नाच्या दाखल्यावर अमुक शिक्का हवा. कोठी भागातल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हवं, पण हे नव्हे, दुसरं. योगिनीचे वडील अप्पाराव उन्हातान्हात आबिड्सच्या पोस्टात जाऊन पाकिटं धाडत होते, आणि तिकडून उत्तर येत होतं की ह्यात अजून एक गोष्ट कमी आहे.

योगिनीचं तिकडच्या मुक्कामाचं कार्ड, मुदत शिल्लक असलेलं, तिच्या पर्समध्येच होतं. तेवढ्यावर जाता येतं का, असं कुणी कुणाला विचारलंच नाही. योगिनीचा नवऱ्यावर विश्वास होता. अप्पाराव तर उदगीरकडच्या जुन्या वळणाचे. जावई म्हणजे देव, आणि देवाला पावती मागायची नसते. जावई हा दहावा ग्रह असतो हे त्यांनी हजारदा ऐकलं होतं, पण स्वतःच्या पत्रिकेत तो कुठल्या घरात बसलाय हे काही पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात योगिनीची दाढ दुखायला लागली. तो रखडलेला कागद कधी येणार म्हणून वैतागून तिने तिकडच्या विमा कंपनीला स्वतःच फोन लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं, "तुम्ही देश कायमचा सोडलात असं तुमच्या पतीने जानेवारीतच कळवलंय. तुमचं नाव त्यांच्या विम्यातून काढलेलं आहे."

मग योगिनीने परदेशी लोकांच्या तिथल्या कचेरीला लिहिलं. उत्तर सरळ होतं. नवा व्हिसा लागत नाही, कार्ड चालू आहे, येताना आजारपणाचा विमा काढून या. मात्र सहा महिन्यांच्या आत या, नाहीतर कार्ड आपोआप रद्द होईल. डिसेंबरापासूनचे ते सहा महिने यंदाच्या अधिक महिन्याबरोबरच संपत होते. त्यानंतर नव्याने व्हिसा, आणि तो नवऱ्याच्या कागदांवाचून मिळणार नाही. हेमंतला काय हवं होतं ते आता आंधळ्यालाही दिसलं असतं. बायकोला माहेरी बसवून ठेवायचं, मुदत संपू द्यायची, आणि मग तिकडे मोकळा. गोड बोलून गळा कापायचा तो असा.

योगिनी दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी बॅग भरायला बसली. भामाबाईंनी बॅग बंद केली.

"नक्को. तो तिकडं असताना गेलीस तर आतनं कडी घालील, दारच उघडायचा नाही. तो इकडं असताना जा."

"तो कशाला येईल इकडे, आई?"

"धोंड्याच्या महिन्यात जावई येत नाही असं कुठं झालंय का?"

त्याच संध्याकाळी त्यांनी हेमंतला फोन केला. आवाजात साखर घोळली. "हेमंतराव, तुम्ही कोंडापूरला आई-वडिलांकडं येणारच हाव, तर अधिकातच या. तुमच्यासाठी चांदीचं ताट करून ठेवलंय." ताट खरंच होतं, भारी होतं. हेमंतने रजा पुढे-मागे केली. मुदत संपेपर्यंत बायकोवर नजर ठेवायची सोयही आपसूक झाली असं त्याला वाटलं असणार. काल तो कोंडापूरला उतरला. आज पहाटे योगिनीचं विमान उडालं.

आणि आता तो पाटावर बसला होता. गोरागोमटा, हसरा, गोगलगाय नि पोटात पाय. भामाबाईंनी त्याला ओवाळलं. ओवाळताना निरांजन त्याच्या मिशीला लावावं असा विचार एकदा येऊन गेला.

"योगिनी कुठाय?" त्याने विचारलं. "जोडीने बसायचं असतं ना?"

"कोठीला गेलीय. तुम्ही तो डॉक्टरचा कागद सांगितला ना, शिक्क्याचा? डॉक्टर आजच भेटतोय म्हणला."

"हो हो, तो अर्जंट आहे," हेमंत डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाला. "त्याच्याशिवाय विमानात बसूच देत नाहीत."

भामाबाईंनी तुपाची पळी भरली. तोंडावर खोटं बोलतोय मेला, आणि माझ्याच घरचं खातोय. मग त्यांनी त्याच्या ताटात दोन धोंडे वाढले, वर तुपाची धार सोडली.

विमान उतरून गेलं असणार. आता फक्त योगिनी तिकडच्या तपासणीतून पलीकडे जायची राहिली होती. तेवढ्यात ह्याला सुगावा लागला तर फोन फिरवून काय घोटाळा घालील ह्याचा नेम नव्हता. नवराच सांगतोय की बाईने देश सोडला, मग तिचं कोण ऐकणार? म्हणून ह्याला पाटावरून उठू द्यायचं नाही. फ्रिजवर ठेवलेला त्यांचा फोन अजून वाजला नव्हता. भामाबाई वाढत होत्या.

"आई, बास."

"जावयानं बास म्हणायचं नसतंय. अधिकात तुम्ही विष्णू. घ्या, अनारसा घ्या."

हेमंतने डाव्या हाताने मोबाइल काढला आणि योगिनीला लावला. "स्विच ऑफ येतोय."

"डॉक्टर बंद करायला लावतोय ना आत."

त्याच्या कपाळावर आठी पडली. तो सासूला सोडून सासऱ्याकडे वळला. "बाबा, कुठल्या डॉक्टरकडे गेलीय? मी घेऊन येतो तिला."

अप्पारावांना खोटं बोलता येत नसे, जावयाशी तर नाहीच. त्यांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला, धोतराला हात पुसले.

"तुम्ही कशाला परेशान होता, जावईबापू," ते म्हणाले. "मी स्वतः सोडून आलो तिला. दारापर्यंत. आत गेली तवाच परत फिरलो."

एक शब्द खोटा नव्हता; दार तेवढं विमानतळाचं होतं. भामाबाईंनी नवऱ्याकडे नव्याने पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांना एवढा देखणा कधी वाटला नव्हता.

हेमंतने खांदे उडवले आणि पुन्हा हात ताटात घातला. तिसरा धोंडा त्याने निम्मा केला होता तेव्हा फ्रिजवरचा फोन वाजला. भामाबाईंनी पदराने हात पुसून वाचलं. "आई, आत आले. कुणी काही विचारलं नाही. ट्रेनमध्ये बसते."

त्यांनी एकदा डोळे मिटले. मग एक पाट ओढला आणि जावयाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

"हेमंतराव, योगिनी पोचली."

"कोठीहून आली?"

"जर्मनीत पोचली. तुमच्या घराकडं निघालीय."

तो हसला. मग अप्पारावांच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू विरलं. "शक्यच नाही. तिचा इन्शुरन्स नाहीये!"

"हौ, तुम्हाला बरं ठाऊक. तुम्हीच नाव कापलंत. प्रवासाचा आम्ही काढला आबिड्सला. पुढचा ती तिचा काढील."

"अहो, पण व्हिसा..."

"कार्ड होतं की तिच्याकडं. पहिल्या दिवसापासनं होतं. तुम्ही आम्हाला दारोदार फिरवलंत, आम्ही फिरलो. हे बघा ह्यांच्याकडं. वैशाखाच्या उन्हात पोस्टाच्या पायरीवर चक्कर येऊन पडले तुमचा शिक्का आणताना. घरी येऊन मला म्हणले, जावईबापूंना सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

अप्पाराव मान खाली घालून उभे होते. हेमंतचा चेहरा पुरणासारखा पिवळा पडला.

"ती माझ्या घरात घुसू शकत नाही."

"घरभाड्याच्या करारावर दोघांच्या सह्या हायत. चावीबी हाय."

"आणि हे सगळं... तुम्ही मला ताटाचं आमिष दाखवून..."

"ताटाचं तिकीट झालं," भामाबाई म्हणाल्या. "तुमच्या नावानं केलं होतं, तुमच्याच घरी पोचवलं."

हेमंत ताडकन उठला. उष्ट्या हाताने त्याने फोन काढला, त्याला तूप लागलं, बोट सरकेना. रागाने त्याच्या गोड बोलण्याचा मुलामा खरवडून निघाला. "कळत नाही तुम्हाला काय केलंत ते! मी आज रात्रीच निघतो. आणि ऐकून ठेवा, एक मिनिट नांदवणार नाही तिला. घटस्फोट देईन!"

भामाबाई बसल्या जागेवरून हलल्या नाहीत. इतके दिवस पोसलेला राग त्यांच्या तोंडाशी आला होता, पण आवाज चढला नाही. त्याची आता गरजच राहिली नव्हती.

"तुम्ही कशाला देताय? तो घ्यायलाच गेलीय ती. नांदायला कोण गेलंय? इथं बसली असती तर तुम्ही टपालानं तिला मोकळी केली असती, रिकाम्या हातानं. आता तुमच्याच गावच्या कोर्टात, तुमच्याच कायद्यानं, तुमच्यासमोर उभी राहून घेईल. तीन वर्षं पुरी झालीत तिची तिथं, हेमंतराव. तिला आता तिथनं कुणी तुमच्या मर्जीनं काढू शकत नाही. वकीलबाई परवाची वेळ देऊन बसलीय."

हेमंत सवयीने, लग्नापासून जिथून मान मिळत आला होता त्या माणसाकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी काही बोला."

अप्पारावांनी तांब्या उचलून त्याच्यापुढे धरला.

"हात धू," ते म्हणाले, "आणि चालता हो."