नऊ कॉलम, चोपन्न बार

सायकलच्या ट्यूबचा तो तुकडा वीतभर, उन्हाने तडकलेला, आणि त्यावर सुतळीची गाठ – दोन वेढे, एक आडवा फास, टोक आत खोचलेलं. अशी गाठ सारिकाचे वडील, आप्पाच मारायचे. धान्याच्या पोत्याला, गॅसच्या नळीला, ती शिकायला पुण्याला निघाली तेव्हा तिच्या वळकटीला... सारिकाने गाठ नखाने उकलून पाहिली, ती उकलेना, मग तिने ट्यूबच वर ओढून काढली. आत ग्रीस होतं, काळं, दाट. ते ओढणीने पुसलं तर खाली लोखंड निघालं, निळसर, परवाच दुकानातून आणल्यासारखं. वरच्या मजल्यासाठी कॉलममधून वर काढून ठेवलेला हा बार सव्वीस वर्षं गच्चीवर उघड्यात उभा होता.

दर खंडेनवमीला कोयता, पाना, सायकल यांची पूजा झाली की आप्पा ग्रीसचा डबा घेऊन वर यायचे. प्रत्येक बार पुसायचा, माखायचा, ट्यूब चढवायची, गाठ मारायची. ती आणि तिचा भाऊ हसायचे. 'आप्पांचं शेत' म्हणायचे ते या बारांना, लावलं आणि उगवलंच नाही असं शेत. गेल्या खंडेनवमीलाही ते वर आले होते म्हणे, पायांवर सूज असताना. माघात ते गेले. म्हणजे ही गाठ सहा महिन्यांची आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ट्यूब तिने मुठीत धरली.

सुदर्शनने पुण्याहून पाठवलेलं अंदाजपत्रक मोबाइलवर उघडंच होतं. भाऊ नीटनेटका, कामंही नीट ओळीने लिहिलेली. जुना कोबा फोडणे. नवा कोबा. वॉटरप्रूफिंग. मग चौथी ओळ – कॉलमचे बार कापणे, नऊ कॉलम, चोपन्न बार, साडेचार हजार. एकूण दोन लाख चाळीस हजारांत सगळ्यांत स्वस्त ओळ ती. बारांच्या बुडातून पाणी मुरतं, स्लॅब गळतो, पावसाळ्याआधी कापून टाकू, वर कोण बांधणार आहे आता... यात चुकीचं काहीच नव्हतं. 'ताई, आज फायनल कर, मी पैसे टाकतो,' एवढंच त्याने खाली लिहिलं होतं.

तिच्या वहीत उतरवलेल्या या अंदाजपत्रकाच्या पुढच्या पानावर तिने आठ दिवसांपूर्वी 'वरची खोली' असं लिहिलं होतं. खाली एकही आकडा नव्हता. बार कापले की ते पान फाडायला हरकत नव्हती.

अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून ती शिरूरला आली, शाळेत लागली, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आप्पा पाटसहून एस.टी.ने आले होते, शेगडी घेऊन. भिंतीवरून हात फिरवला, मोरीत डोकावले, म्हणाले, "खोली बरी हाय. वल तेवढी बघ." ती वाट पाहत होती. घरी चल, एवढे दोन शब्द. ते न म्हणताच ते पाचच्या गाडीने परत गेले, आणि तेव्हापासून ती पाटसला येते ती पाहुण्यासारखी, शनिवारी येऊन रविवारी जाणारी.

"ताई! खाली या की!" कोंडिबा मिस्त्रींची हाक आली.

ते परवा आले ते खरं तर बार कापण्याचं काम बघायला. बार मोजता मोजता मध्येच थांबले, बोटाने एकाची जाडी चाचपली. "सोळा एमएम? आन् सहा सहा? तीन खोल्यांच्या घराला?" मग म्हणाले, "कापायच्या आधी एक खड्डा घेऊन बघू, ताई. पाया काय हाय ते कळंल. पाच फुटांवर लागंल, लई झालं तर." दोन माणसांची दोन दिवसांची हजेरी – ही ओळ तिने स्वतःच्या हिशेबात लिहिली होती, सुदर्शनला न सांगता.

कोपऱ्यातल्या कॉलमला लागून खड्डा होता. भिमा आत, त्याची बायको नकुशी वर घमेलं ओढायला. काळ्या मातीचा ढीग भिंतीच्या निम्म्यापर्यंत आला होता.

"लागला का पाया?"

"आत्ता लागला," कोंडिबा म्हणाले. टेपचं टोक भिमाने खाली धरलं होतं. "साडेआठ फूट. सगळी काळी सोडून पार मुरमात टेकवलाय. आन् कॉलमच्या बुडाचं हे फुटिंग बघा, पाच बाय पाचचं. ताई, ह्याच्यावर अजून दोन मजले चढवा, कुरकुरणार न्हाई. कुणी बांधलं हो हे?"

"आमच्या ह्यांनी!" आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती, तिथूनच बोलली. "उन्हाळाभर खड्डं. मला वाटलं, हिर काढतंय का काय माणूस. मी म्हणलं, अवो, घर वर बांधत्यात, खाली न्हाई. तर म्हणं, तू गप."

"मग काकू, गप बसला का तुम्ही?"

"मी कवा गप बसले?" आईने शेंग तोंडात टाकली. "माझी बोरमाळ गेली त्या खड्ड्यात. वर भिंती उभ्या राहिल्या तर गिलाव्याला पैसा न्हाई. सात वर्सं इटा बघत निजलो. ही पोरगी मैत्रिणींना घरी आणायची न्हाई, लाजायची."

लाजायची. खरं होतं ते. आतल्या उघड्या विटा, त्यांच्या सांध्यांत अडकवलेले कंगवे, टूथब्रश... आणि आप्पा कंजूष आहेत, हे तिने आठवीत असताना कधीतरी ठरवून टाकलं होतं. पुढे कितीतरी वाचलं, माणसांविषयी सावधपणे बोलायला शिकली, पण ते ठरवलेलं तसंच राहिलं.

"मी उतरते," ती म्हणाली.

"तुम्ही? कपडे खराब हुतील."

पण भिमा वर आला होता आणि शिडी होतीच. ती उतरली. एक एक पायरी खाली जाताना चैत्राचं ऊन खांद्यावरून निघून गेलं, मातीचा वास दाट झाला, आधी भेगाळलेली, मग चिकण, मग ओलसर काळी, आणि मग एकाएकी रंग बदलला – पिवळसर, खडबडीत मुरूम. तळाशी ते फुटिंग होतं. तिने तळवा टेकवला. गार होतं. इतकं गार की तिने हात काढून पुन्हा ठेवला. या घरात ती वाढली, इथूनच तिचं लग्न झालं, इथल्याच ओट्यावर आप्पांना ठेवलं होतं... आणि त्या सगळ्याच्या खाली, कुणालाही दिसणार नाही असं, हे होतं. मोठ्या नदीच्या काठी उभं राहिल्यावर होतं, तसं काहीसं झालं.

हे कुणासाठी? तेव्हा ती चौदा वर्षांची होती, सुदर्शन नऊ. तिच्यासाठी म्हणावं असा काही पुरावा नव्हता. सुदर्शनसाठी म्हणावं असाही नव्हता. आप्पा कारखान्यात वजनकाट्यावर होते, उसाची भरली गाडी आणि मग रिकामी गाडी, तीस हंगाम. भार कुठे जातो, हे त्यांना ठाऊक असणार. लहानपणी एकदा तिला त्यांनी त्या काट्यावर उभं केलं होतं. काटा हलला नाही. ती रडकुंडीला आली, तर हसून म्हणाले, "काट्याला कळत न्हाई गं अजून." त्यातला 'अजून' इतकी वर्षं तिला आठवला नव्हता.

तिने वर पाहिलं. कॉलम मुरमातून निघून मातीतून, भिंतीच्या कोपऱ्यातून, स्लॅब ओलांडून सरळ वर गेला होता, आणि आभाळात त्याची सहा टोकं दिसत होती – पाच काळी, एक उघडं. मघाशी वर हातात धरलेलं लोखंड इथून सुरू होत होतं.

वर तिचा मोबाइल वाजला. आईनेच उचलला.

"ती खाली हाय... अरे खाली म्हंजी खाली, खड्ड्यात... न्हाई, पडली न्हाई, आपल्या पायांनी गेलीय." मग खड्ड्याच्या काठावर आईचा चेहरा आला, उन्हाविरुद्ध काळा. "सारे, सुदा ईचारतोय, बारांचं काय करायचं. काय सांगू?"

कोंडिबाही वाकून पाहत होते. मुठीत ट्यूबचा तुकडा होता, गाठ तशीच. सारिकाने चपला काढल्या, मुरमावर दोन्ही पाय नीट ठेवले, आणि हळूहळू सगळा भार खाली सोडला... आप्पा, आता कळतंय का?

"सांग," ती म्हणाली, "अजून मोजतेय."