चार मजल्यांचा कान

बाबा जिन्यात पडले हे तिला कळलं, तोवर त्या गोष्टीला अकरा दिवस होऊन गेले होते. तेही त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. फोनवर नातीशी बोबडं बोलता बोलता आजोबांच्या गुडघ्याला बाऊ झाल्याचं त्यांच्या तोंडून निसटलं, आणि फोन कानाला नातीच्या नव्हता, तिच्या होता.

त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला. बाबांना त्या घरातून बाहेर काढायचं. चौथा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या मधोमध बशीसारख्या झिजलेल्या, वय एकाहत्तर. झोपेत तिला बाबा जिन्याच्या वळणावर आडवे पडलेले दिसायचे, एकटे, तोंडावर. मग ती उठून बसायची, शेजारी झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची आणि सकाळ व्हायची वाट पाहायची. नवरा म्हणाला, घेऊन ये त्यांना, आपल्या सतराव्या मजल्यावर काय, बटण दाबलं की माणूस वर. बाबाही लगेच हो म्हणाले. हे मात्र तिला खटकलं. उभ्या आयुष्यात बाबा पहिल्या फटक्यात कशालाच हो म्हणाले नव्हते.

आज पाच वाजता एजंट एका जोडप्याला घर दाखवायला आणणार होता. त्यांना पसंत पडलं तर आजच शब्द द्यायचा होता. ती अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन दोनलाच पोचली. खालच्या दारातून आत शिरताच लेकीने तिचा हात सोडला आणि जिन्याशेजारची भिंत चाचपायला लागली. ती बटण शोधत होती. सापडेना तशी तिने आईकडे अशा नजरेने पाहिलं, की हे घर बिघडलंय.

तिने लेकीला कडेवर घेतलं आणि चढायला लागली. तिसऱ्या मजल्यापर्यंत जीव अर्धा झाला. याच जिन्यात आईने तिला पाढे शिकवले होते, एका पायरीला एक आकडा. बेचा पाढा पहिल्या वळणाला संपायचा. सातचा पाढा आजही म्हणायचा झाला तर तिला पायांत जाणवायचा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकदा त्यांचं नवं लाकडी कपाट अडकलं होतं, ना वर जाई ना खाली. सुतार येईपर्यंत तीन दिवस ते तिथेच उभं होतं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या घरच्यांनी त्यात खुशाल छत्र्या ठेवायला सुरुवात केली होती.

वर बाबा दारातच होते. "बिटके, धाप लागली होय? आयुष्यभर मी लोकांचे जिने चढलो, आणि माझी पोरगी अशी."

बाबा पोस्टमन होते. तेहतीस वर्षं शहराचे जिने चढले. माणसांची पारखही ते जिन्यावरून करायचे. कुणाच्या दारापुढे पायपुसणं स्वच्छ असतं, कोण मनीऑर्डर घेताना पाणी विचारतं, हे त्यांना मजल्यासकट पाठ होतं.

घर आवरलेलं होतं. नको तितकं आवरलेलं. बाबांनी कपड्यांच्या दोन पिशव्या भरून, तोंडं सुतळीने बांधून भिंतीशी ठेवल्या होत्या. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या होत्या आणि त्यांच्यातून वारा पूर्वीसारखाच घर ओलांडून जात होता. तिच्या सतराव्या मजल्यावर खिडकी बोटभर उघडते, मूल पडू नये म्हणून. ते तिलाच हवं होतं. तरी इथे बसल्यावर तिला वाटलं, आपण किती दिवसांत असा वारा अंगावर घेतला नाही.

न्हाणीघरातला दिवा गेलेला होता. गिऱ्हाइकापुढे अंधार नको म्हणून ती बल्ब आणायला निघाली, तशी लेक पायाला चिकटली. स्वतःच्या सँडलचे पट्टे लावायचे म्हणजे पाच मिनिटं. दाराशी बाबांच्या चपला होत्या, टाचेला लोखंडी खिळे मारलेल्या, नोकरीत असल्यापासूनची सवय. तिने त्यातच पाय सरकवले.

येताना लेकीने कडेवर यायला साफ नकार दिला. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग आईकडे बघून हसणं. बाबांच्या मोठ्या चपला आईच्या पायांत राहत नव्हत्या. खट वाजायचं, मग फरपट, पुन्हा खट. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर लेकीने फतकल मारली. तीही शेजारी बसली. जाळीतून उन्हाचे चौकोनी तुकडे पायऱ्यांवर पडले होते आणि लेक एकेका तुकड्यावर बोट ठेवत होती. याच उजेडात शाळेत असताना ती परीक्षेचा अभ्यास करायची. डोळे मिटून घ्यावेत असं तिला वाटलं, आणि तिने मिटले.

खाली धाडकन एक दार उघडलं. मग दुसरं. वरून कुणीतरी अनवाणी धावत आलं.

डोळे उघडले तर पहिल्या मजल्यावरच्या शिवणकाकू समोर, गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. त्यांच्यामागे मास्तर, एका पायात मोजा, दोन्ही हातांनी खुर्ची उचललेली. वरच्या पायरीवर तिसऱ्या मजल्यावरची नर्स, रात्रपाळी करून झोपलेली, केस विस्कटलेले, हातात पाण्याची बाटली. तिघंही तिच्याकडे बघत राहिली. लेकीने मात्र एवढी माणसं पाहून टाळ्या पिटल्या.

काकूंनी टाचण्या हातावर काढल्या. "अगं बये, तू होय? आम्हाला वाटलं दादा."

मास्तरांनी खुर्ची खाली ठेवली आणि दमून तिच्यावर स्वतःच बसले. दादांच्या चपला घालून दादांसारखंच पाय ओढत कशाला चढायचं, पोरी, असं म्हणाले. पायांचा आवाज तोच, म्हणून दार उघडून बघितलं नाही. पण मधेच बंद पडला आणि पुढे येईना.

"त्या दिवशीही असंच," नर्स म्हणाली. "पडल्याचा आवाज काही आला नव्हता. चालायचे थांबले, एवढंच. मी दार उघडलं तेव्हा मास्तर अर्ध्या जिन्यात पोचलेच होते."

तिने विचारलं, किती वेळ पडून होते ते.

"पडून कसले? चक्कर आली म्हणून पायरीवर बसले आणि गुडघा आपटला. मिनिटभरही नसेल झालं. या खुर्चीत बसवून आम्ही वर नेलं. वाटेत मास्तरांनाच शिव्या घालत होते, नीट धर म्हणून."

इतके दिवस ज्या वळणावर तिने बाबांना एकटं पाहिलं होतं, तिथे आत्ता उभं राहायला जागा नव्हती.

गेल्या हिवाळ्यात बाबा आठ दिवस तिच्याकडे राहिले होते. ती लेकीला डॉक्टरकडे घेऊन गेलेली असताना बाबा कचरा टाकायला बाहेर आले आणि मागून दार लागलं. फोन आत. दीड तास ते लिफ्टसमोरच्या फरशीवर बसून होते. किती वेळा लिफ्ट उघडली, किती माणसं उतरली. संध्याकाळी त्यांनी हा किस्सा हसत हसत सांगितला होता. सगळे अगदी सभ्य होते, कुणी मला हटकलं नाही, म्हणाले होते. तीही तेव्हा हसली होती.

वर आल्यावर तिने बल्ब टेबलावर ठेवला. बाबा कठड्याशी उभे राहून सगळं ऐकत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"तुम्ही हो का म्हणालात?" तिने विचारलं.

बाबांनी नातीच्या फ्रॉकवरची जिन्याची धूळ झटकली. "तू दिवसातून सहा वेळा फोन करतेस. आवाजावरून कळतं, झोपलेली नाहीस ते. म्हटलं, तिकडे आलो तर तुझं लेकरू आणि तू, दोघी तरी झोपाल."

"आणि तुम्ही?"

"मला काय. बसेन लिफ्टसमोर."

हे ते चेष्टेत म्हणाले. पण हसले नाहीत.

पावणेपाचला तिने एजंटला फोन लावला. घर द्यायचं नाही म्हणाली. एजंटने आधी समजावलं, मग ऐकवलं: बाईसाहेब, बिनलिफ्टच्या घराला गिऱ्हाईक काय रोज उगवत नाही, पुढे मला फोन करू नका. बरं, म्हणाली. नवऱ्याला कळवायचं बाकी होतं. त्याला हे फोनवर समजणार नाही, घरी गेल्यावर सांगावं लागणार होतं, आणि तेव्हाही धड सांगता येईल याची तिला खात्री नव्हती.

भीती काही गेली नव्हती. उलट आता ती जन्मभराची झाली होती. तिने कागद घेऊन नर्सचा, काकूंचा, मास्तरांचा नंबर लिहून घ्यायचं ठरवलं. जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवायचा. बाबा म्हणाले, बसव हवा तर, मी हात नाही लावणार.

तेवढ्यात लेक दूध मागायला लागली. घरात थेंबभर नव्हतं. ती उठली.

"बस तू," बाबा म्हणाले. "मी आणतो."

तिच्या ओठांवर आलं होतं, की मी जाते. तिने ते गिळलं. बाबांनी चपला घातल्या, पिशवी घेतली आणि निघाले. ती लेकीला घेऊन दारात उभी राहिली, चौकट घट्ट धरून. खट, फरपट, खट. तिसऱ्या मजल्यावर आवाज जरा मंदावला, आणि पुन्हा सुरू झाला. दुसऱ्या मजल्यावर मास्तर काहीतरी बोलले, बाबांनी उलट काहीतरी सुनावलं, दोघं हसले. लेक काहीतरी विचारत होती. तिने तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि खालचं दार वाजेपर्यंत ऐकत राहिली.