दुसऱ्या वर्षाची फाइल

मी पाळकसाहेबांच्या उपदेशांची फाइल बोलतेय. तीन बहिणींमधली मधली. मधलीचं कौतुक कोण करतं म्हणा, म्हणून आज स्वतःच तोंड उघडलंय.

आम्ही तिघी कशासाठी, ते आधी सांगते. चर्चमध्ये कोणत्या रविवारी बायबलचा कोणता भाग वाचायचा हे ठरलेलं असतं. हे पाठ तीन वर्षं पुरतात, मग पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वर्षाला एक फाइल. एक वर्ष मी राबते आणि दोन वर्षं कपाटावर धूळ खात बहिणींची कामं बघते. माझ्या पोटात रंगीत कागद घातलेत. नाताळाआधीच्या आगमनकाळाला आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळाला जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पवित्र आत्म्याच्या पेंटेकॉस्ट सणाला लाल आणि उरलेल्या लांबलचक रविवारांना हिरवा. जांभळ्याचा तोरा तर विचारूच नका!

साहेब नवे होते तेव्हा एकेका उपदेशासाठी जिवाचं रान करायचे. सोमवारी पाठ वाचायचे, मंगळवारी जाडजूड पुस्तकं उघडायचे, बुधवारी डोकं धरून बसायचे, गुरुवारी लिहायचे आणि शुक्रवारी निम्मं खोडायचे. शनिवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या बाईंना, वाचून दाखवायचे. बाई भाजी चिरत ऐकायच्या. सुरी थांबली की मुद्दा पोचला असं समजायचं. सुरी भराभर चालायला लागली की पुढचा परिच्छेद गाळायचा.

रविवारी घरी आल्यावर माझ्या समासात शेरा पडायचा. 'बावीस मिनिटं. लांबला.' 'शिंपी रडला. का, ते विचारायला हवं.' 'चर्चचे सेक्रेटरी पाचव्या मिनिटाला झोपले, पण घोरले नाहीत.'

पुढे पुढे साहेबांचा हात आखडत गेला. लग्नं, मयती, सभा, छपराची गळती, माणूस तरी कुठे कुठे पुरणार? आधी जुन्या उपदेशाची डागडुजी सुरू झाली, मग कधीकधी नुसती तारीख बदलायची वेळ आली. मला तर उलट गुदगुल्या व्हायच्या. माझ्यावाचून यांचं पान हलत नाही, असं मी बहिणींना ऐकवायचे.

मग आगमनकाळाचा पहिला रविवार आला, म्हणजे माझ्या वर्षाचा पहिलाच दिवस. पाठ होता सावध राहण्याचा. घरधनी केव्हा परत येईल सांगता येत नाही, तेव्हा नोकरांनी झोपू नये. त्या आठवड्यात दोन मयती आणि एक लग्न होतं. शनिवारी दुपारी साहेबांनी मला खाली काढलं, धूळ फुंकली, तीन वर्षांपूर्वी लिहिलेला उपदेश शोधला आणि तारीख बदलली.

"अहो, आज वाचून दाखवणार नाही का?" बाईंनी विचारलं.

"घसा बसलाय गं."

घसा ठणठणीत होता. शेवटचं पान साहेबांनी उलटूनसुद्धा बघितलं नाही. मी आतल्या आत तडफडत होते, कारण त्या पानावर काय आहे ते मला माहीत होतं. पण फाइलचं ऐकतो कोण?

रविवारी उपदेश झोकात झाला. "नोकर झोपले तर घराचं काय होईल?" असं साहेबांनी दोनदा विचारलं. सेक्रेटरी झोपलेलेच होते. मग शेवटचं पान आलं आणि साहेबांनी त्याच गंभीर आवाजात वाचलं, "आपल्या सुताराची आई इस्पितळात शेवटच्या घटका मोजते आहे. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या."

सवयीने सगळ्यांनी डोळे मिटले.

"साहेब, मी इथं आहे," दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

सुताराची आई काठी टेकत उभी राहिली होती. सुतार तिची बाही ओढत होता. "आई, बस ना खाली!"

"बसते रे, एवढं बोलू दे. साहेब, तीन वर्षांपूर्वी मी खरंच इस्पितळात होते, म्हणून हा उपदेश माझा हुकला होता. बरं झालं, आज मिळाला. छान होता हो!"

सगळं चर्च खदखदून हसलं. सेक्रेटरी दचकून जागे झाले आणि मोठ्याने 'आमेन' म्हणाले.

साहेबही हसले. पण घरी येऊन त्यांनी मला टेबलावर टाकलं आणि खुर्चीत बसून राहिले. "हसले त्याचं काही नाही गं," ते बाईंना म्हणाले. "पण आजींनी सांगेपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नाही. याच लोकांना मी हेच शब्द ऐकवले होते. मग इतकी वर्षं मी बोलतोय कुणाशी?"

त्यांचा तो चेहरा बघून मला फार वाईट वाटलं. माझी सगळी मिजास उतरली.

"मी काय खांब आहे?" बाई म्हणाल्या. "पहिल्याच वाक्याला ओळखला. मी ओळखीन म्हणून तर काल घसा बसला होता तुमचा."

साहेबांनी मला पुढे ओढून ते शेवटचं पान उघडलं.

"उपदेश चांगलाच आहे. पण तेव्हा म्हातारी जाणार म्हणून सगळे धास्तावले होते, त्यांच्यासाठी लिहिला होता तुम्ही. आता ती समोर बसलीय. तिला काय सांगणार, ते लिहा ना!"

सोमवारी साहेब मला काखोटीला मारून सुताराच्या घरी गेले. पुढच्या रविवारचा पाठ त्यांनी आजींना वाचून दाखवला, प्रभूसाठी वाट तयार करण्याचा. आजी ऐकून म्हणाल्या, "वाट होईल हो तयार. पण चर्चच्या त्या सात पायऱ्यांचं काय? धरायला काही नाही. मी दर रविवारी जीव मुठीत घेऊन चढते."

साहेबांनी तिथल्या तिथे पेन काढलं. जवळ कोरा कागद नव्हता, म्हणून माझंच एक पान उलटं करून पाठीवर लिहायला घेतलं. तो उपदेश नऊ मिनिटांचा झाला. पुढच्या शनिवारी सुताराने पायऱ्यांना लाकडी कठडा बसवला.

तेव्हापासून साहेब माझ्या कागदांच्या पाठीवरच लिहितात. पुढून जुना उपदेश, मागून नवा. माझ्या कडा फाटल्यात, एक कडी नीट बंद होत नाही, आणि माझं जुनं शहाणपण आता कुणी वाचत नाही. रुसून पाहिलं, पण रुसवा काढायला कुणाला वेळ आहे?

तीन वर्षांनी माझी पाळी पुन्हा येईल. तेव्हा माझ्या दोन्ही बाजू भरलेल्या असतील आणि साहेब दमलेले असतील. म्हणून चर्चमध्ये बसणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. ऐकलेलंच पुन्हा कानावर आलं तर भिडेखातर गप्प बसू नका, सरळ उभं राहून सांगा. साहेब लाजतील, त्यांचे कान लाल होतील. पण कुणाच्या तरी लक्षात राहिलं होतं, एवढंच ऐकायला ते इतकी वर्षं थांबले आहेत.