रिकामा चौकोन

समुद्राची वाटणी कागदावर झाली तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. जहाजांची वाट इकडून, मासेमारी तिकडे, कासवांसाठी हा पट्टा, आणि वाऱ्यावर वीज करणाऱ्या पंख्यांसाठी हा चौकोन. टाळ्या वाजवून मोठे साहेब घरी गेले आणि वाटणी अमलात आणायचं लोढणं नकाशेवाल्याच्या गळ्यात पडलं.

नकाशेवाला हे काही त्याचं नाव नव्हे, पण बंदरावर सगळे त्याला तशीच हाक मारत. सरकारी कचेरीत समुद्राचे नकाशे काढता काढता त्याचे केस पांढरे झाले होते. बायको गेल्यापासून तो कचेरीत लवकर यायचा आणि उशिरा निघायचा. काम जास्त होतं म्हणून नव्हे. घरी गेलं की कुलूप आपणच उघडावं लागतं, म्हणून.

पहिली बैठक लिलावाच्या शेडमध्ये झाली. मासळीचे क्रेट बाजूला सारून भिंतीवर नकाशा लावला. बंदरातल्या प्रत्येक बोटीवर सरकारने एक डबी बसवली होती. बोट कुठे आहे ते ती डबी सारखं कळवत राहायची. त्या वाटा नकाशावर निळ्या रेघांनी काढल्या होत्या. जिथे बोटी फार, तिथे निळं दाट. पंख्यांचा चौकोन मात्र पांढराफटक होता, त्यात एकही रेघ नव्हती. म्हणूनच तो निवडला होता. कुणाच्या पोटावर पाय नको.

"कुणाची हरकत?" मॅडमनी विचारलं. मॅडम म्हणजे नकाशेवाल्याच्या साहेब, वयाने त्याच्याहून बऱ्याच लहान.

कोणी ब्र काढला नाही. बोट बांधायच्या वीतभर जागेसाठी एकमेकांची गचांडी धरणारी ही माणसं, आज मूग गिळून बसली होती. नकाशेवाल्याचा मेहुणाही त्यांच्यात होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो नकाशाकडे बघतच नव्हता. चपलेच्या तळाला चिकटलेले खवले काडीने काढत बसला होता.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी शेवटची सुनावणी. ज्याला काही सांगायचंय त्याने इथे यायचं आणि सगळ्यांसमोर आपल्या हाताने नकाशावर खूण करायची. मागाहून फोन नको, वशिला नको."

हा नियम नकाशेवाल्यानेच सुचवला होता. पूर्वी लोक कचेरीत येऊन कानात एक सांगत आणि बैठकीत दुसरंच बोलत.

त्याच संध्याकाळी मेहुणा घरी आला. बहीण गेल्यानंतर पहिल्यांदाच आला. दोघं समोरासमोर बसले आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. आजवर दोघांमधलं बोलणं तीच चालवायची. भावाचं म्हणणं नवऱ्याला सांगायची, नवऱ्याचं भावाला, दोघं एकाच खोलीत बसलेले असले तरी. नकाशेवाल्याने चहा केला. तो फार गोड झाला होता, पण मेहुणा तसाच पीत राहिला.

"दाजी, तो चौकोन हलवा," शेवटी तो म्हणाला.

"का?"

"हलवा म्हणतो ना."

"अरे, कपाट आहे का ते? कारण लागतं."

"माझी जागा आहे तिथे."

"तिथे एकही बोट जात नाही. तुमच्याच डब्या सांगतात."

"मी डबी बंद करतो." मेहुण्याने कप खाली ठेवला. "चालू ठेवली तर मी कुठे आहे ते बाकीच्या बोटींनाही दिसतं. माझ्यामागे अख्खं बंदर येईल. म्हणून बंदराची टेकडी मागे पडली की वायर काढतो. येताना परत जोडतो."

नकाशेवाल्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे तो तुकडा तूच पुसलास!"

"तुमच्यासाठी नाही पुसला. त्यांच्यासाठी पुसला."

"आहे काय एवढं तिथे?"

"खाली खडक आहे. मोठा मासा खडकाला येतो. पोरीचं शिक्षण, बोटीचं नवं इंजिन, सगळं त्या खडकाने केलं. तो गेला की मी बोट विकणार आणि कुठल्या तरी गोदामावर पहारा करत बसणार."

"मग शुक्रवारी ये आणि खूण कर."

"सगळ्यांसमोर? सांगितली तर जागा गेली, नाही सांगितली तरी गेली. म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्ही आतून करा काहीतरी."

"आतून असं काही नसतं रे."

"ताई असती तर असतं."

नकाशेवाल्याने विचारलं, "तिला ठाऊक होती ती जागा?"

"आम्हा दोघांना बाबांनी एकदमच दाखवली. माझ्याआधी तिच्याच लक्षात राहिली."

नकाशेवाल्याला आठवलं. सुट्टीच्या दिवशी तो घरीच टेबलावर नकाशे पसरायचा. ती पाठीमागून वाकून बघायची. एकदा तिने त्या पांढऱ्या भागावर बोट ठेवून विचारलं होतं, "इथे काहीच नाही का हो?" तो म्हणाला, "काही नाही." ती "बरं" म्हणाली आणि कप उचलून आत गेली. इतका संसार केला, पण माहेरची जागा तिने सांगितली नाही ती नाहीच. त्याला हसावं की चिडावं कळेना. आणि चिडायचं तरी कोणावर?

दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमसमोर विषय काढला.

"त्या चौकोनात मासेमारी होते, असं कानावर आलंय."

"कुणाकडून?"

"ते नाही सांगता येणार."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही दमल्या होत्या. पंख्यांच्या कंपनीचा माणूस दर दोन तासांनी फोन करत होता, आणि त्यांचं मूल तापाने घरी होतं. "काका, कानावर आलंय म्हणून मी चौकोन हलवू? वर काय तोंड दाखवू? कोणीतरी उभं राहिलं, खूण केली, तर शुक्रवारपर्यंत पेन माझ्या हातात आहे. सही झाली की मग नाही."

त्यांचंही बरोबर होतं. हल्ली नकाशेवाल्याला सगळ्यांचंच बरोबर वाटायचं आणि त्यानेच तो जास्त थकायचा.

त्याने मेहुण्याला फोन करून एवढंच सांगितलं, "खूण केलीस तर हलेल. नाहीतर मी काही करू शकत नाही." पलीकडून इंजिनाचा आवाज येत राहिला आणि मग फोन बंद झाला.

शुक्रवारी शेड भरली. मेहुणा अगदी मागे, खांबाला टेकून उभा होता. बोटवाल्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी उठून एक लांबलचक भाषण करून बसले. त्यात कशालाच विरोध नव्हता आणि कशालाच पाठिंबा नव्हता. मॅडमनी लाल पेन वर धरलं. "कोणी आहे?"

कोणी हललं नाही. नकाशेवाल्याने मान खाली घातली. मेहुण्याकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. बघितलं असतं तर तो ढकलल्यासारखा पुढे आला असता आणि जन्मभर बोल लावला असता.

"मग मी असं धरते की..." मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"थांबा."

मेहुणा क्रेट ओलांडत पुढे आला. कोणीतरी मागून ओरडलं, "दाजींचा चहा महागात पडला वाटतं!" चारजण हसले. मेहुण्याने मॅडमच्या हातातून पेन घेतलं, नकाशाजवळ नाक नेलं आणि पांढऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यात एक लहानसा गोल काढला. इतका लहान, की मागच्यांना दिसू नये.

पण दिसला.

"अरे चोरा!" बंदरातला सगळ्यात म्हातारा बोटवाला, ज्याला सगळे कप्तान म्हणत, तो ताडकन उठला. "ती माझी जागा आहे!"

"तुमची कशी? माझ्या बापापासून..."

"तुझ्या बापाला मी दाखवली होती!"

"काहीतरीच काय बोलता!"

"तुमच्या डबीत तर दिसत नाही कप्तान," मॅडम म्हणाल्या.

"डबी चालू ठेवून कोण जाईल तिथे? मी काय खुळा आहे?"

मग सेक्रेटरींनी घसा खाकरला. "म्हणजे... अगदीच राहवत नाही तेव्हा... मीसुद्धा कधी कधी."

त्यानंतर जो गदारोळ उठला तो आवरता आवरेना. कोणाची जाळी कोणी कापली होती, धुक्यात समोरून दिवा न लावता कोण गेलं होतं, सगळं त्या दिवशी बाहेर आलं. काहीजण हातघाईवर आले आणि काहीजण हसून हसून खाली बसले. मॅडम नकाशेवाल्याकडे वळल्या. "म्हणजे हे सगळेच तिथे होते?"

"हो," तो म्हणाला. "पण एकेकटे."

मॅडमनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकाच जागेवर गोलावर गोल पडत गेले आणि कागद तिथे फाटला. मेहुणा तोवर निघून गेला होता.

चौकोन हलला. पण हलवणं म्हणजे नुसती रेघ पुसणं नव्हे. चौकोन सरकला तशी किनाऱ्याला वीज आणायची केबल सरकली, आणि ती जाऊन पडली नेमकी जहाजं नांगर टाकतात त्या जागेवर. बंदराचा अधिकारी भांडायला आला. कंपनीवाल्याने पंखे कमी होतात म्हणून तोंड पाडलं. नकाशेवाल्याने पुन्हा मोजलं, पुन्हा काढलं, पुन्हा सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. सही झाली त्या दिवशी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बऱ्याच आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी मेहुणा आला. हातात पिशवी होती. तीत दोन मध्यम मासे होते.

"आता असेच येतात," तो म्हणाला. "सगळं बंदर जाऊन बसलंय तिथे. बाजार भरतो नुसता. कप्तान तर सकाळी मला हात करतो, जसा काही मीच त्याला आमंत्रण दिलंय."

"बोट विकणार?"

"नाही. भागतं कसंबसं. पंखे आले असते तर एवढंही नसतं." तो ओट्याला टेकला. "तुमच्यावर राग नाही दाजी. बाबांवर थोडा आहे. कप्तानला त्यांनीच दाखवली की कप्तानने त्यांना, ते आता कोणाला विचारू? ताईला ठाऊक असेल."

"असेल," नकाशेवाला म्हणाला.

त्याने एक मासा फळीवर घेतला आणि सुरी शेपटीकडून लावली. स्वयंपाकघरात मासा साफ करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. खवले उडून भिंतीवर चिकटले. मेहुणा जवळ सरकला.

"असं नाही. डोकं डाव्या हाताला धरा. हं. आता शेपटीकडूनच, पण हलक्या हाताने."

नकाशेवाल्याने धरलं. मासा निसटला, त्याने परत धरला. मेहुण्याने सुरी काही घेतली नाही. दुसऱ्या माशापर्यंत बरं जमायला लागलं.