चौथ्यांदा कुणी आलं नाही

दुपारचे चार वाजत आले की लेटिसची सुई थांबायची. हिवाळ्यात त्या वेळेला खाडीवरचं धुकं कुंपणापर्यंत येऊन टेकलेलं असायचं, बागेतली झाडं एकेक करून पुसली जायची, आणि लेटिस मान कलती करून दाराकडे कान लावायची.

“वाजलं का गं ताई?”

“वारा आहे.”

“वारा दोनदा वाजवून थांबत नाही.”

डॉर्कस शिवणात डोकं घालायची. कारण तिनंही ऐकलेलं असायचं. दारावरचं पितळी कडं, दोनदा, हलकेच. आधी आधी ती उठून दार उघडून बघायची. ओली पायरी, ओलं अंगण, बाकी कुणी नाही. मग तिनं बघणं सोडलं. तीन वर्षं हे असं चाललं होतं.

आता मात्र हे घरच सुटणार होतं. आईचा राखाडी रेशमी झगा लेटिसच्या मापाचा करायला घेतला होता. लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारायच्या रीतीप्रमाणे मागच्या दोन्ही रविवारी चर्चमध्ये लेटिस वेनलो आणि जॉब गॉरिंज ही नावं पुकारून झाली होती. उद्या तिसऱ्यांदा पुकारली जातील, कुणाची हरकत आहे का म्हणून पाद्री विचारतील, आणि गुरुवारी लग्न. जॉब पिठाच्या गिरणीचा मालक. डॉर्कससाठी त्यानं गिरणीवरची एक खोली चुना लावून तयार ठेवली होती. “ओढा दिसतो बघा खिडकीतून,” तो म्हणाला होता, “आणि चाकाचा आवाज इतका असतो की दुसरं काही ऐकूच येत नाही.” डॉर्कसला त्या खोलीत याहून जास्त काही नको होतं. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि लेटिस नऊ दिवसांची. आपली लेटी जाईल तिथं आपण जायचं, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्या शनिवारी दुपारी लेटिस लेस आणायला पाद्रीबाईंकडे गेली होती आणि चारला दहा कमी असताना कडं वाजलं. दोनदा. डॉर्कसच्या हातातली कात्री खाली पडली.

“बाई,” मोलकरीण पेग आत येऊन म्हणाली, “कोणी मिसेस ऑर्म आल्यात. नखशिखांत शोकाच्या काळ्या कपड्यांत आहेत.”

ऑर्म हे नाव या घरात तीन वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

म्हातारी बाई खुर्चीच्या कडेवर बसली. चहा नको म्हणाली. हातमोजेही काढले नाहीत.

“मी कॅप्टन रोलंड ऑर्मची आई. वीस मैलांवरून आले. मला फक्त तुमच्या बहिणीचा चेहरा बघायचाय.”

“ती बाहेर गेलीये हो.”

म्हातारी हसली. “तुमच्याकडे ती नेहमी बाहेरच असते.”

“नाही, आज खरंच बाहेर गेलीये,” डॉर्कस म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या लक्षात आलं.

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग शांतपणे सांगू लागली. रोलंड तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात लिस्बनच्या लष्करी इस्पितळात तापानं गेला. घरी तेवढं कळलं होतं, पण शेजारच्या खाटेवरचा अधिकारी यंदा परतला, तेव्हा बाकीचं कळलं. शेवटचे दोन दिवस रोलंड पांघरुणावर बोटांनी ठोकायचा. दोनदा. थांबायचा. मग विचारायचा, मिस लेटिस घरी आहेत का?

“कधी?” डॉर्कसनं विचारलं. “दिवसाच्या कोणत्या वेळेला?”

“काय विचारता हो हे! मला काय ठाऊक?” म्हातारी म्हणाली. “त्यानं मला एवढंच सांगितलं होतं, तीनदा गेलो, तिन्ही वेळा घरी नाहीत असं सांगितलं. आई, माझं काय चुकलं? मी त्याला काय सांगणार? तुम्हीच सांगा.”

भेटायचं नसलं की बाया माडीवरून मोलकरणीकरवी ‘घरी नाहीत’ सांगतात, यात कुणी खोटं मानत नाही. एकदा सांगितलं, तर डोकं दुखत असेल. दुसऱ्यांदा, तर मनात शंका धरावी. तिसऱ्यांदा सांगितलं की सभ्य माणसानं ओळखावं आणि पुन्हा पायरी चढू नये. रोलंड आला त्या मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी पेगला तसं सांगायला डॉर्कसनंच लावलं होतं.

“कोळ्यांच्या गल्लीत त्यांची बाई होती,” डॉर्कस म्हणाली. “मूल होतं. मी या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी मुलाला कडेवर घेतलेलं. बाई मागून टोपली घेऊन चालत होती.”

“ती माझी फीबी. माझी लेक.” म्हातारीनं पहिल्यांदाच डोळे मिटले. “तिनं वडिलांच्या मनाविरुद्ध एका खलाशाशी लग्न केलं. तिचं नाव घ्यायची आम्हांला बंदी होती. रोलंड लपून तिला जेवणखाण पोचवायचा. बापाला शब्द दिलेला, म्हणून कुणाला सांगायचा नाही. आता बाप राहिला नाही, म्हणून मी नाव घेते. तुम्ही विचारलं असतंत तर...”

तिनं वाक्य पुरं केलं नाही. जाताना दारात थांबून तिनं ते कडं बोटांनी चाचपून पाहिलं.

डॉर्कस जिन्याशी उभी राहिली. सांगितलं नाही तर काय होईल? काही नाही. उद्या नावं पुकारली जातील, गुरुवारी लग्न लागेल, चाकाच्या आवाजात सगळं बुडून जाईल. पण “माझ्यात काय कमी होतं गं ताई?” असं त्या हिवाळ्यात लेटीनं उशीत तोंड खुपसून विचारलं होतं, आणि आपण तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणालो होतो, काही नाही बाळा, पुरुष असेच.

लेटिस धुक्यानं भिजून आली. डॉर्कसनं तिची शाल काढून घेतली, तिला शेगडीजवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. आपण काय पाहिलं, काय समजलो, पेगला काय सांगायला लावलं.

“पेगचं ते माहीत होतं मला,” लेटिस म्हणाली.

“काय?”

“मी जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसले होते. तिन्ही वेळा. कठड्यातून त्याचे बूट दिसत होते. तिसऱ्या वेळी बराच वेळ हलले नाहीत ते.” ती ज्वाळांकडे बघत होती. “मला वाटलं, खरंच हवी असेन तर चौथ्यांदा येईल.”

“अगं, चौथ्यांदा आला असता तर तो सभ्य माणूस कसला!”

“हो ना. आणि मी पाच पायऱ्या उतरले नाही. तो गर्विष्ठ आहे म्हणत बसले. जॉबचं आठवतं? पेग म्हणाली घरी नाहीत, तर हा म्हणतो, ‘खिडकीत दिसतायत की!’ आणि मागच्या दारानं येऊन स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. किती हसलो आपण त्याला. रीत माहीत नाही म्हणून.”

आता दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

“गेला कधी?”

“त्याच वर्षी, नोव्हेंबरात.”

“म्हणजे आपण ऐकायला लागलो तेव्हा.” लेटिस उठली, ओली शाल पुन्हा अंगावर घेतली. “मी जॉबला सांगून येते. उद्या नाव पुकारायचं की नाही ते त्यानं ठरवावं.”

ती दीड तासानं परतली. शालीवर पिठाचे दोन पांढरे पंजे उमटले होते.

“तो म्हणाला, गेलेल्या माणसाशी मी काय भांडू? तू ये.” मग ती डॉर्कससमोर खाली बसली, लहानपणी वेणी घालून घ्यायला बसायची तशी, पण तोंड तिच्याकडे करून. “ताई, तू मात्र येऊ नकोस.”

डॉर्कसनं राखाडी झगा मांडीवरून बाजूला सारला.

“रागानं नाही गं म्हणत. आपण दोघी एका खोलीत असलो की चार वाजणारच. तू माझ्याकडे बघशील, मी तुझ्याकडे. मला असं घर हवंय जिथे कुणी कान देत नाही.”

“आणि मी इथे एकटी?”

“मी रविवारी येत जाईन,” लेटिस म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी पाद्रींनी नावं पुकारली. कुणाला हरकत असल्यास आत्ताच सांगावी, म्हणाले आणि थांबले. पुस्तकावरून डोळे न उचलता घेतलेला तो नेहमीचा क्षणभराचा थांबा होता. पण डॉर्कसला वाटलं, मागच्या रिकाम्या बाकापाशी कुणीतरी टोपी हातात धरून उभं आहे, बोलू की नको या विचारात. ती वळली नाही. लेटिसही वळली नाही. पाद्रींनी पान उलटलं.

बाहेर पडताना लेटिस सवयीनं बाजूला सरली. थोरलीनं पुढे, धाकटीनं मागे, इतकी वर्षं असंच चाललं होतं.

“हो पुढे,” डॉर्कस म्हणाली. “गुरुवारनंतर लग्न झालेली बाई म्हणून पुढे चालायचा मान तुझाच.”

लेटिस पुढे झाली. तिच्या मानेवर केसांची एक बट पिनेतून निसटून लोंबत होती. डॉर्कसनं ती खोचायला हात उचलला, क्षणभर तसाच धरला आणि मागे घेतला.